कारवानवाला दाऊदभाय

आमच्या समुद्रावर सुरूच्या बनात कोणीतरी चाकावरचं घर आणून उभं केलंय. पुण्या-मुंबईची माणसं हौसेनं त्यात येऊन राहतात. नात मागं लागली, "आजी, बघायला चल ना." गेले. पांढरंशुभ्र, आत पलंग, दिवे, आरसा. ती बोलली, "भारी आहे ना?" मी वाकून दाराच्या उंबऱ्याखाली बोट फिरवलं. फट होती. मी म्हटलं, "दाऊदभायनं हे फाटकाबाहेर जाऊ दिलं नसतं."

"कोण दाऊदभाय?"

आता एवढ्याशा पोरीला काय सांगायचं. घरी येऊन बसले तर एक एक आठवायला लागलं.

कुवेतला मी सद्दामच्या पहिल्या लढाईनंतर थोड्या वर्षांनी गेले. आमचे हे वारले, दोन मुली आईच्या पदरात टाकल्या आणि तिथल्या एगैला भागात एका अरबाच्या घरी स्वयंपाकाला लागले. तिथं घरच्या मालकाला बाबा म्हणायचं नि मालकिणीला मामा. रीतच तशी. माझ्यापेक्षा वयानं लहान बाई, तिला मी मामा म्हणायची. पहिलं जिभेला जड गेलं, मग सवय झाली. कशाचीपण सवय होते.

बाबाचा बाप जुन्या काळी गलबतातनं मुंबईला यायचा, खजूर घेऊन. त्यामुळं बाबाला मोडकंतोडकं हिंदी यायचं. त्याचा जवळच्या फहाहील गावाच्या मागं गॅरेजांच्या ओळीत पत्र्याचा कारखाना होता. तिथं कारवान बनायची. म्हंजे चाकावरचं घर, गाडीला जोडून ओढत न्यायचं.

तिथली माणसं थंडी पडली की बंगले बंद करून वाळवंटात राहायला जातात. वाळवंटाला ती बर म्हणतात. अख्खं घर जातं, म्हातारी, पोरं, कामवाल्या, कोंबड्यासुद्धा. नोव्हेंबरला गेली की मार्चपर्यंत शुक्रवार आला की बर. मला पहिल्या वर्षी कळेचना. आम्ही पोटासाठी घर सोडून आलो, आणि यांना घर असून बाहेर झोपायची हौस. पण तीस माणसांचा भात मलाच शिजवायचा होता, तेव्हा विचार करायला वेळ कुणाला.

दाऊदभाय त्या कारखान्याचा मिस्त्री. दाभोळच्या खाडीकडचा. मूळचा होड्या बांधणारा, बापापासून. मग फायबरच्या होड्या आल्या, लाकडाचं काम गेलं, म्हणून इकडं आला. बुटका, काळा, अंगात बाह्या नसलेलं बनियान, नि तोंडात कायम चुका. लाकडाला मारायच्या त्या बारीक चुका. ओठांच्या कोपऱ्यात धरून ठेवायचा आणि तशाच तोंडानं बोलायचा. "हं", "नको", "उद्या", एवढं चुका न काढता बोलायचा. त्याहून मोठं बोलायचं असलं तर त्या तळहातावर काढायच्या. कामगारांना ते ठाऊक होतं. मिस्त्रीनं तळहात तोंडाकडं नेला की सगळे गप. आता ऐकून घ्यावं लागणार.

पडदे नि गाद्यांच्या खोळी शिवायला बाबा मला दुपारची तिकडं पाठवायचा, कारण मला मशीन येत होती. तिथंच ओळख झाली. मी दिसले तर त्यानं पहिलं विचारलं, "बाय, गाव कुठला तुजा?" सांगितलं. "म्हंजे खाडीपलीकडची. शेजारीण झालीस की गो." खाडी कुठं नि आम्ही कुठं. पण बरं वाटलं.

त्याची पहिल्या कारवानची गोष्ट सगळा कारखाना सांगायचा. मी तेव्हा आले नव्हते. बाबानं त्याला हाताशी धरून पहिली कारवान बांधून घेतली. प्लायवूड, वरून पत्रा, आत पलंग, कपाट, सगळं चकाचक. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक न्यायला येणार. दाऊदभायनं काय केलं, नळी घेतली, दारातनं आत सोडली आणि पाणी भरायला लागला. आमच्याकडं नवी होडी पाण्यात घालायच्या आधी तिच्यात पाणी भरतात. कुठनं बाहेर झिरपतंय ते बघायचं, तिथं कापूस नि डांबर मारायचं. हा बिचारा गुडघाभर पाण्यात आत उभा, आणि बाहेर एकजण वाकून बघतोय कुठनं ठिबकतंय. बाबा आला. बघतो तर पलंगाच्या गाद्या तरंगतायत.

"दाऊद! ये क्या किया?"

दाऊदभायनं चुका तळहातावर काढल्या. बोलला, "बाबा, दोन ठिकाणी गळतंय. बाकी पक्की हाय."

आतली प्लायवूडची अख्खी जमीन फुगली. परत पहिल्यापासनं बांधावी लागली. बाबा संतापला, मग हसत सुटला, आणि हसता हसता बोलला म्हणे की माझ्या बापाचा मिस्त्रीपण असाच करायचा. त्या दिवसापासनं बाबाचा नि त्याचा जीव जुळला. पुढं दाऊदभाय आत बसायचा आणि बाहेरनं नळी मारायला लावायचा. "पानी बाहेर, मानूस आत. उलटी होडी हाय ही," बोलायचा.

धंद्याचंपण तो होडीसारखंच बोलायचा. लढाईनंतर पहिली काही वर्षं माणसं बरला जायला भ्यायची. वाळूत पुरलेले बॉम्ब होते, पोरांचे पाय गेलेले. त्यामुळं ज्याला जायचं तो रस्त्याच्या कडेला जायचा, आणि तंबूपेक्षा कारवान बरी, रस्त्याला लागून उभी राहते, जमिनीत खुंट्या ठोकायला नकोत. भीतीनं कारवानचा धंदा वाढवला, कोणी मानेल का? पण तसंच झालं. मग वाळू साफ झाली, माणसं लांब लांब जायला लागली, आणि तोपर्यंत कारवानची सवय लागली होती. एका शेजाऱ्यानं घेतली की दुसऱ्याला पायजे, आणि त्याच्याहून मोठी पायजे.

"बाय, मानसं काय मागतात ते बघत र्‍हा," बोलायचा. "आदी मागायची जमीन पक्की दे. मग बोलली न्हानी दे. मग एशी. मग टीवी. आता आरसा मागतात, पुऱ्या भिंतीचा. म्हंजे उधाण आलाय."

"उधाण आलं म्हंजे चांगलंच ना?"

"उधाणाच्या मागं सुकती असते, ओहोटी. पन मालकाला कोन सांगनार? त्याला वाटता दर्या त्याच्या बापाचा."

मला मात्र त्याचं एक वेगळंच लक्षात राहिलं. बाबानं घरच्यासाठी नवी मोठी कारवान बांधायला घेतली. मामा आली, तिनं सांगितलं, बायकांना वेगळी खोली पायजे, चूल मोठी पायजे. नासर म्हणून त्यांचा मोठा मुलगा, त्याला गाणी वाजवायची पेटी पायजे. सगळ्यांनी सगळं सांगितलं. सगळी गेल्यावर दाऊदभायनं चुका काढल्या आणि मला विचारलं, "आनि तू कुठं झोपतेस, बाय?"

मी म्हटलं, "कुठं म्हंजे? सगळी झोपली की भांड्यांच्या बाजूला."

"वाळूत?"

"सतरंजी असते."

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. मग बोलला, "हात पसर बगू. नाय, तसा नाय, झोपल्यासारका." मी उभ्याउभ्याच हात पसरले. माझ्या अंगाला हात न लावता त्यानं भिंतीवर दोन खुणा केल्या. चुलीच्या मागं सामानाच्या खणावर त्यानं एक फळी काढली, अंगापुरती, आणि तिला दार बसवलं. आतनं कडी. नासर बघून ओरडला, जागा फुकट घालवली. दाऊदभाय तोंडातल्या चुकांसकट बोलला, "हं." आणि तसंच ठेवलं. मामानं बघितलं, तिला आवडलं. तिच्या बहिणीनं बघितलं, तिलापण तसंच पायजे. पुढच्या वर्षी येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायला लागलं, कामवालीची फळी आहे का? त्यांना कामवालीची काळजी होती असं नाय, शेजाऱ्याकडं होती म्हणून. पण किती बायका त्या फळ्यांवर कडी लावून झोपल्या असतील, मला मोजता येणार नाय. मी झोपले. एवढ्या वर्षांत तिथं मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

त्याची स्वतःची झोप म्हंजे फहाहीलला एका खोलीत सात माणसं, लोखंडी पलंगावर पलंग. तिथं आपल्या माणसांना बॅचलर म्हणायचे. लग्न झालेला, नातवंडं असलेला, तरी बॅचलर. पगार थोडा म्हणून बायकोला आणायची परवानगी नाय.

त्याची बायको खातून. आमच्यात तिचं नाव रोज निघायचं. दाऊदभायला गावी जायला मिळायचं दोन वर्षांतनं एकदा, तेपण पावसाळ्यात. थंडीत सीझन, ऑगस्टपासनं ऑर्डरी, म्हंजे उरला पावसाळाच. गावातल्या बायका खातूनला चिडवायच्या, "तुजा बेडूक आला काय गो?" हे त्यानंच मला सांगितलं, हसत. पण मग हसणं थांबलं आणि त्यानं चुका काढल्या.

"बाय, घरात आई, भाऊ, भावजया, त्यांची पोरां. आमी दोगं पडवीत, मदे पडदा. निका झाल्यापासना एका दाराआड आमी दोगंच, असा एक म्हयना काडलेला नाय. तिनं कदी मागितला नाय. पन मला पायजे. एक म्हयना. आनि मी बांदलेल्या कारवानीत."

बाबानं मनावर घेतलं तर त्याच्या सहीनं महिन्याची झियारा निघाली असती. झियारा म्हंजे पाहुणी म्हणून येण्याचा कागद. दाऊदभायनं विचारलं. मी चहा घेऊन गेले होते तेव्हा, म्हणून ऐकलं.

"बाबा, खातून को बुलाना है. एक महीना."

बाबा जीव लावणारा माणूस, पण धंदेवालापण. बोलला, "ज़रूर, ज़रूर. सीज़न के बाद, दाऊद. अभी देखो कितना ऑर्डर है."

सीझननंतर आला उन्हाळा. उन्हाळ्यात पत्र्याखाली पाहुणी बाई कुठं ठेवायची? मग ऑगस्ट, मग परत ऑर्डरी. असं किती वेळा झालं ते मी सांगत नाय. जितका धंदा वाढला तितकी खातून लांब गेली. एका वर्षी कागद जवळजवळ निघाला, तर इराकची दुसरी लढाई उभी राहिली, बरला जाणंच बंद, येणंजाणं बंद. सद्दाम पडला आणि मग तर काय, पैशाला पूर आला. दोन दोन न्हाण्यांच्या कारवानी. भिंत सरकून बाहेर येते अशा कारवानी. बाजूची जागा घेऊन कारखाना दुप्पट केला. दाऊदभायचे केस त्याच काळात पांढरे झाले. "सीज़न के बाद" हे बाबानं बोलायची गरजच उरली नाय. हाच विचारायचा बंद झाला.

मी एकदा रागानं बोलले, "अहो, तुम्ही एक दिवस काम थांबवा ना. बघा कसा सही करत नाय."

"आनि माजी सात मानसं? त्यांच्या पन खातुनी हायत."

नासरचं लक्ष बाहेरच्या मालावर होतं. अमेरिकेतनं, चीनमधनं तयार कारवानी यायला लागल्या. गुळगुळीत, हलक्या, नंबर लावून उभ्या. माणसं दुकानात जायची, बोट दाखवायची, संध्याकाळी घेऊन जायची. आमच्याकडं तीन महिने थांबायला कोण तयार होणार? वर तिथला शेअरबाजार बसला, ज्यांच्याकडं उधळायला होतं तेच अडकले. एका थंडीत ऑर्डरीच आल्या नाय. दाऊदभायनं अंगणातल्या एकाच उरलेल्या कारवानला हात लावला आणि मला बोलला, "सुकती लागली, बाय." निम्मी माणसं गावी गेली. मशीनवर धूळ.

आणि त्याच थंडीत बाबानं बोलावलं. बाबाची तब्येत तेव्हा गेलेली, खुर्चीत बसून असायचा. बोलला, "दाऊद, इस साल सीज़न नहीं. बुला ले खातून को." सही केली. रडला की काय मला कळलं नाय, त्याचे डोळे तसेपण पाणावलेले असायचे.

खातून आली फेब्रुवारीत. खोलीत बाकीचे पुरुष, तिला ठेवणार कुठं? त्या उरलेल्या कारवानमध्ये. दाऊदभायनं ती आठवडाभर आधी धुतली. विजेची वायर ओढली. मला बोलला, "पडदे लाव, बाय. नवीन कापड घे, गिऱ्हाइकाचा नको."

मी तिला बघायला गेले तेव्हा ती दारातली वाळू झाडत होती. उंच, हाडकी बाई, गुडघ्यानं लंगडणारी. मला वाटलं होतं हौसेनं मिरवेल. ती बोलली, "ये गो बाय. ही चाकां कशाला, सांग बगू? घर पलून जातला काय?"

मी हसले. सांगितलं, इथली माणसं बंगले सोडून यात राहायला जातात.

"आपखुशीनं?"

"आपखुशीनं."

"आमच्याकडं असे नंदीबैलवाले र्‍हातात," ती बोलली. मग नवऱ्याकडं बघून, "यांनी जनम घालवलान् यात."

दाऊदभाय पायरीवर उभा. तोंडात चुका नव्हत्या. मी त्याला तसा पहिल्यांदाच बघितला, ओठ वेगळेच दिसत होते. ती आतनं त्याला हाका मारायची, हा डबा कुठं, तो दिवा कसा लावायचा, आणि तो नुसता "आलो, आलो" करायचा. आणि जायचापण. कामगार एकमेकांना खुणावायचे. त्याला काही फरक पडत नव्हता.

शुक्रवारी मामानं खातूनसाठी मटणभाताचं पातेलं दिलं, ड्रायव्हरबरोबर मी घेऊन गेले. फाटकात एक मोठी गाडी उभी, मागं ओढायचा आकडा लावलेली. नासर एका माणसाला घेऊन आला होता. गिऱ्हाईक. अख्ख्या सीझनचं पहिलं. त्याला बरला जायची घाई, दुकानातल्या सगळ्या गेल्या म्हणे, आणि याला आत्ताच पायजे. तो कारवानभोवती फिरला, पत्र्यावर टकटक केलं, खुश झाला. आत भात शिजल्याचा वास, दोरीवर खातूनची ओढणी. त्याला त्याचं काय. माणसं काढली की झालं.

खातूनची झियारा निम्मीपण झाली नव्हती.

नासरनं दाऊदभायला बोलावलं. बाबा असता तर कदाचित वेगळं झालं असतं, पण बाबा घरी. गिऱ्हाइकानं सरळ दाऊदभायलाच विचारलं, अरबीत, मला तेवढं कळत होतं. "तयार आहे? रस्त्याला घालू?"

नासर त्याच्याकडं बघत होता. मी पातेलं धरून उभी. मला माहीत होतं हा काय बोलणार. इतक्या वर्षांत त्यानं आपल्या हातच्या एकापण कारवानला वाईट म्हटलेलं नव्हतं. गिऱ्हाइकानं कधी दर उतरवायला म्हणून नाव ठेवलं तरी हा दोन दिवस जेवायचा नाय. आणि ही विकली तर कारखाना आणखी एखादा महिना उभा राहणार, हेपण त्याला ठाऊक होतं. त्याची उरलेली तीन माणसं तिकडं पत्र्याच्या सावलीत उभी राहून ऐकत होती.

दाऊदभाय खाली बसला. चाकांच्या मागं हात घातला, उगाच काहीतरी चाचपलं. उठला. बोलला, "नाही. सांगाडा वाकलाय. ओढली तर रस्त्यात मोडेल. घेऊ नका."

गिऱ्हाइकानं नासरकडं बघितलं. नासरला खरंखोटं कळायचा प्रश्नच नव्हता, त्यानं आयुष्यात कधी खाली वाकून बघितलं नव्हतं. तो चिडला, हात झटकला, अरबीत बोलला की जुन्या माणसांचं काम हे असं. माझ्यासमोर बोलला. त्या तिघांसमोर बोलला. दाऊदभाय मान खाली घालून, "बरोबर आहे, बरोबर आहे," करत राहिला.

गाडी गेली. नासरपण गेला. ते तिघे आत निघून गेले. एकजण जाता जाता मिस्त्रीच्या खांद्याला हात लावून गेला.

खिडकीतनं खातूनचा आवाज. "अवो, कोन व्हता?"

"कोन नाय. वाट चुकला व्हता."

"मंग या आत. भात निवतो."

मी पातेलं पायरीवर ठेवलं. तो बोलला, "तू पन बस, बाय, जेवून जा." मी म्हटलं, ड्रायव्हर थांबलाय. खरं तर ड्रायव्हर घाई करत नव्हता.

मार्चच्या शेवटाला मी कायमची गावी आले, धाकटीचं लग्न ठरलं होतं. उन्हाळ्यात कारखाना बंद झाल्याचं मागनं कळलं. त्या तिघांचं पुढं काय झालं माहीत नाय. ती कारवानपण नासरनं मोडीत काढली म्हणतात, वाकलेली म्हणून. दाऊदभायची भेट परत झाली नाय. खाडी ओलांडून जाते जाते म्हणत राहिले, तेवढ्यात तो गेल्याचं कळलं.

त्या शुक्रवारी गाडीत बसून मी मागं बघितलं. तो अजून बाहेरच उभा होता, आमच्याकडं पाठ करून. हात पत्र्यावर ठेवलेला, पंजा पसरून, गाभण गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. काहीतरी पुटपुटत होता, मला ऐकू यायचं कारण नव्हतं. मग खातूननं परत हाक मारली, आणि तो वाकून, चपला पायरीखाली सारून, आत जेवायला गेला.